आमच्या घोडेवेड्या मैत्रिणींची यंदाची सहल : सारंगखेडा की महालक्ष्मी?

तापीकाठ, जळगाव (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमचा तेरा जणींचा गट आहे. त्यात दोन शिक्षिका आहेत, एक बँकेत आहे, एक केळीच्या वखारीचा हिशेब पाहते, चौघी घरची शेती सांभाळतात आणि उरलेल्या स्वतःला नुसत्या गृहिणी म्हणवून घेत असल्या तरी त्यांच्याइतकी धावपळ आमच्यापैकी कुणाचीच होत नसेल. आम्हांला एकत्र आणले ते घोड्याने. शहराबाहेरच्या एका शेतावर चार घोडे आहेत. रविवारी पहाटे तिथे जाऊन रपेट शिकायची, नंतर बांधावर बसून चहा प्यायचा आणि मुंबई-पुण्याच्या शर्यतींवर तावातावाने बोलायचे, असा आमचा चार वर्षांचा नेम आहे. वर्षातून दोनदा आम्ही मिळून बाहेरगावी जातो. या सहलींवरूनच सध्या गटात दोन तट पडले आहेत, म्हणून हा धागा काढला.

एका तटाचे म्हणणे असे की फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर इंडियन डर्बी ही घोड्यांची मोठी शर्यत असते, तिकडे जावे. दुसऱ्या तटाला दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जायचे आहे. आम्ही दोन्हीकडे जाऊन आलेलो आहोत. ठिकाणाच्या या वादात मला फारसा रस नाही, हे आधीच सांगते. तिथे जाऊन आपण घोडा पाहतो की घोड्याशेजारी उभे राहून स्वतःलाच पाहतो, हे मात्र मला छळते, आणि या बाबतीत पहिली गुन्हेगार मीच आहे.

सारंगखेड्याच्या आमच्या पहिल्या सहलीचा किस्सा ऐका. जळगावहून सुरत मार्गाच्या गाडीने दोंडाईच्याला उतरलो आणि तिथून जीपने तापीचा पूल ओलांडून यात्रेत पोहोचलो. सगळ्यांनी एकाच रंगाच्या साड्या नेसल्या होत्या आणि डोक्याला फेटे बांधले होते. एक उंच पांढरा घोडा सापडला, त्याच्याभोवती आम्ही जवळजवळ तीन तास काढले. एकीने त्याच्या गळ्यात हात घातला, दुसरीने लगाम धरला, तिसरी खोगिरावर बसली आणि उतरताना रिकिबीत साडी अडकून पडता पडता वाचली. परतीच्या गाडीत आमच्या बँकवाल्या मैत्रिणीने सहज विचारले, "त्या घोड्याचे वय काय असेल गं?" कुणालाच सांगता येईना. तो जन्मतःच पांढरा असलेला नुकरा होता की वयाबरोबर पांढरा होत गेलेला सब्जा, हेही कुणी पाहिले नव्हते. खरे तर ते ओळखणे अवघड नाही. नुकऱ्याची कातडी गुलाबी असते, त्यामुळे नाकपुड्या आणि ओठ पाहिले की कळते. सब्ज्याची कातडी पांढऱ्या केसांखाली काळसर असते. रविवारी खरारा करणाऱ्या आम्ही बायका, आणि तीन तासांत कुणीही त्याच्या नाकपुडीकडे पाहिले नव्हते!

पुढच्या वर्षी आमच्यातल्या एकीने तिच्या सासूबाईंना बरोबर आणले. त्यांचे माहेर शहाद्याकडचे, वय अडुसष्ट, आणि त्यांच्या वडिलांच्या दारात कायम घोडी बांधलेली असायची. आम्ही सगळ्या त्यांना मावशी म्हणतो. बाजारात शिरताच मावशींनी आम्हांला सजवलेल्या घोड्यांपासून दूर नेले आणि मागच्या रांगांमध्ये, जिथे गुजरात-राजस्थानकडून आलेले व्यापारी नुसत्या दावणीला जनावरे बांधून बसले होते, तिथे उभे केले. एका कुमैत (तांबूस अंगाच्या, काळ्या आयाळीच्या) घोड्याचा मालक "सात वर्षांचा आहे, अगदी तरणा" असे सांगत होता. मावशी डाव्या बाजूने, घोड्याला दिसेल अशा बेताने पुढे गेल्या. मानेवरून हात फिरवला. मग ओठांच्या कोपऱ्यात जिथे दात नसतात, तिथून अंगठा आत सरकवला. घोड्याने मुकाट्याने तोंड उघडले.

"दात दखाबिगर घोडा लेवाना नही, माय," असे त्या आम्हांला म्हणाल्या आणि तिथेच शाळा भरली. घोड्याचे समोरचे दुधाचे दात जोडी-जोडीने पडतात. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला आणि कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी घोड्याचे तोंड भरते. त्यानंतर दातांच्या माथ्यावरचे काळे खळगे झिजत जातात. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या जबड्यातल्या कडेच्या दातावर, हिरडीपाशी, एक तपकिरी रेघ दिसू लागते. ती दरवर्षी थोडी थोडी खाली उतरते, पंधराव्या वर्षापर्यंत निम्मा दात उतरते आणि विसाव्या वर्षी टोकाला टेकते. आम्ही आळीपाळीने वाकून पाहिले. त्या 'तरण्या' घोड्याची रेघ निम्म्याला टेकायच्या बेतात होती! मावशी मालकाला काहीच बोलल्या नाहीत, फक्त पदराने बोटे पुसली. मालकानेही पुढे किंमत सांगितली नाही.

महालक्ष्मीची सहल वेगळी झाली. १८८३ सालापासूनचे ते रेसकोर्स, समुद्राकडून येणारा वारा आणि टोप्या घालून मिरवणाऱ्या बायका पाहून आम्ही आधी बुजलो. एक गोष्ट मात्र घड्याळ लावून पाहिली, ती सांगते. डर्बीचे अंतर २४०० मीटर आणि ती अडीच मिनिटांत आटोपते. बाकीच्या शर्यती त्याहून छोट्या. दिवसभरातल्या सात-आठ शर्यतींचे प्रत्यक्ष धावणे एकत्र केले तर पंधरा मिनिटेही भरत नाहीत. दोन शर्यतींच्या मध्ये जवळजवळ अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासात काय करायचे, यावर सगळी सहल ठरते. पहिल्या दोन शर्यतींना आम्ही सँडविच खाल्ले. तिसरीपासून पॅडॉकच्या कठड्याला जाऊन चिकटलो, कारण धावण्यापूर्वी घोडे तिथेच फिरवून दाखवतात. तिथे आम्ही एकच गोष्ट पाहायची ठरवली : चालताना मागचा खूर कुठे पडतो. मोकळेपणाने चालणाऱ्या घोड्याचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढे पडतो, अवघडलेल्याचा अलीकडेच राहतो. आमचा अंदाज दोनदा बरोबर आला आणि तीनदा साफ चुकला, पण त्या दिवशी आम्ही घोडे पाहिले.

तर यंदा कुठे जावे, आणि गेल्यावर काय करावे, याबद्दल जाणकारांनी लिहावे. पैजेचा विषयही गटात निघाला आहे, त्यावरही मते हवी आहेत.

दोंडाईचेकर

ताई, मी यात्रेच्या वाटेवरच राहतो, म्हणून व्यवहाराच्या गोष्टी तेवढ्या सांगतो. घोडे पाहायचे असतील तर ऐन दत्तजयंतीच्या दिवशी येऊ नका. त्या दिवशी एकमुखी दत्ताच्या दर्शनाला लोटलेल्या गर्दीत तुम्हांला माणसांची डोकीच दिसतील. बाजार आदल्या दिवसांपासून भरू लागतो आणि सौद्याची खरी गडबड सकाळी असते. दुपारनंतर चाली दाखवण्याचे खेळ सुरू होतात आणि धूळ इतकी उडते की पांढरा घोडा व कुमैत घोडा एकाच रंगाचे दिसू लागतात. नदीकाठचा मुक्काम असल्याने पहाटे थंडी चांगलीच झोंबते. दुपारी मात्र स्वेटर हातात घेऊन फिरावे लागते. मुक्काम दोंडाईचा किंवा शहाद्यात करावा.

बायकांच्या दृष्टीने मोठी अडचण स्वच्छतागृहांची आहे. व्यवस्था असते, पण गर्दीच्या मानाने ती अपुरी पडते. माझी पत्नी आणि तिच्या बहिणी यात्रेला येतात तेव्हा ओळखीच्या घरी सोय ठरवूनच निघतात. तेरा जणींनी हे गृहीत धरून बेत आखावा.

रावेरची सून

धागाकर्ती ताई, तुमचे लिखाण आवडले, पण फोटोंना आपण एवढी नावे का ठेवता, हे कळले नाही. मीही एका अशाच गटाबरोबर गेले होते. लग्न होऊन अकरा वर्षे झाली, आणि नवरा, मुले किंवा सासरचे कुणीही बरोबर नसताना घराबाहेर काढलेला तो माझा पहिला दिवस होता. त्या दिवसाचा एक फोटो माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलेला आहे. त्यात घोड्याची अर्धी मान आणि माझे पूर्ण हसू आहे. घोड्याचे वय मला आजही ठाऊक नाही आणि त्यावाचून माझे काही अडलेले नाही.

आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी झोक्यावर बसतात, तेव्हा झोका कोणत्या लाकडाचा आहे हे कुणी विचारते का? सहल ही आधी सहल असावी. बाईला घरातून निघण्यासाठी एक निमित्त लागते, ते घोड्याने दिले तर घोड्याचे आभार मानावेत. प्रत्येक ठिकाणी परीक्षा कशाला घ्यायची?

तापीकाठ, जळगाव (धागाकर्ती)

सूनबाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी फोटोंवर जरा जास्तच घसरले, हे कबूल करते. आमच्याही तीन-चार जणींची हीच कथा आहे. तरी झोक्याच्या उपमेवर एक सांगते. झोका जिवंत नसतो. त्या पांढऱ्या घोड्याच्या पाठीवर त्या दिवशी आमच्याआधी आणि आमच्यानंतर किती जणी बसल्या असतील, याचा विचार मला दुसऱ्या वर्षी मावशींमुळे सुचला. त्यांनी तिथल्या एका घोड्याच्या खोगिराखाली बोट घातले आणि ते ओले निघाले.

निवृत्त पशुवैद्य, चाळीसगाव

या चर्चेत काही गोष्टी नमूद करणे मला आवश्यक वाटते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला चौफेर दिसते. मात्र शेपटीच्या अगदी मागे आणि नाकाच्या अगदी समोर, कपाळाला लागून, त्याला काही दिसत नाही. यात्रेत लोक नेमके याच दोन जागी उभे राहतात, मागे रांग ओलांडण्यासाठी आणि पुढे फोटोसाठी. मागून जायचे झाल्यास एक तर लाथेच्या टप्प्याबाहेरून जावे, नाहीतर आवाज देत, पुठ्ठ्यावर (मागच्या पायांच्या वरच्या भागावर) हात ठेवून, अंगाला अगदी चिकटून जावे. मधल्या अंतरावरची लाथ सर्वांत जोराची बसते. कान मागे पाडून मानेला चिकटवले असतील तर त्या घोड्याच्या वाटेला जाऊ नये. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या कानांची टोके आतल्या बाजूला वळून एकमेकांना भिडतात. ती त्यांच्या जातीची खूण आहे, रागाची नव्हे. नवख्यांचा यात हमखास घोटाळा होतो.

दुसरी विनंती खाऊ घालण्याविषयी आहे. पेढे, भजी, चपातीचे तुकडे, उरलेला प्रसाद असे काहीही भोळ्या मायेने घोड्याच्या तोंडात कोंबले जाते. घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेले परत वर येण्याचा मार्गच नसल्याने बिघाड झाला की पोटशूळ उठतो, आणि यात्रेच्या गर्दीत उपचार मिळेपर्यंत जनावर दगावू शकते. एका दत्तजयंतीला रात्रभर मी अशा एका घोडीला दोराने धरून चालवत होतो. ती वाचली. तिने काय खाल्ले होते, हे मालकाला शेवटपर्यंत कळले नाही, कारण खाऊ घालणारी मंडळी केव्हाच घरी गेली होती.

आपल्या गटातील कुणी घरी घोडा बाळगत असल्यास, यात्रेतून परतल्यावर कपडे व पादत्राणे धुतल्याखेरीज स्वतःच्या तबेल्यात जाऊ नये. ग्लँडर्ससारखा रोग घोड्याकडून घोड्याला आणि क्वचित माणसालाही होतो, म्हणून ही काळजी आवश्यक आहे.

धुळ्याची वकील

पैजेबद्दल विचारले आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. आपल्याकडे १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यातून परवानाधारक रेसकोर्सच्या आवारात, टोटवर (रेसकोर्सच्या सामाईक पैजेच्या खिडकीवर) किंवा परवाना असलेल्या बुकमेकरकडे लावलेली पैज वगळलेली आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले आहे. याचा अर्थ महालक्ष्मीच्या खिडकीवर तिकीट काढणे कायदेशीर आहे. सारंगखेड्याच्या मैदानावर "हा जिंकला तर शंभर, तो जिंकला तर दोनशे" असे करणे मात्र त्या सवलतीत बसत नाही, आणि जळगावात घरी बसून मोबाइलवर शर्यत पाहत आपसांत पैसे लावणेही बसत नाही. बायकांचा घरगुती गट आहे म्हणून कायदा वेगळा होत नाही.

कायद्यापलीकडचे एक सांगते. आमच्या परिचयातल्या एका गटाने भिशीचा हप्ता रेसकोर्सवर लावला. पैसे गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे बारा वर्षांची भिशी मोडली. पैज लावायचीच असेल तर प्रत्येकीने स्वतःच्या पर्समधले, घरी परत न्यायचे नाहीत असे ठरवलेले पैसे लावावेत.

कपाशीचे बोंड, पारोळा

आमच्या गटात यावर तोडगा असा निघाला : पैज लावायची नाही, प्रत्येकीने पॅडॉकमध्ये घोडा निवडून चिठ्ठीवर लिहायचा, कारणासकट. जिचा अंदाज सर्वांत जास्त चुकेल तिने परतल्यावर भरिताचा कार्यक्रम करायचा. गेल्या थंडीत मी हरले. बामणोदची वांगी आणली, शेतात तुराट्यांवर भाजली, बडगीत ठेचली आणि कळण्याच्या भाकरी थापता थापता हात भरून आले. हरण्याची ही पद्धत सर्वांना इतकी आवडली की आता कुणी मनापासून जिंकायला पाहत नाही.

जुनी वाचक, अमळनेर

या विषयाचा एक पदर कुणी उलगडला नाही, म्हणून लिहिते. सहलीला जाणाऱ्या बायका शर्यत 'पाहायला' जातात, हे आपण गृहीत धरून बसलो आहोत. इंग्लंडमध्ये, जिथे आजच्या स्वरूपातली शर्यत घडली, तिथेही बाईची जागा फार काळ टोपी घालून सज्जात बसण्याचीच होती. फ्लॉरेन्स नेगल नावाच्या बाई कित्येक वर्षे घोडे तयार करत होत्या, पण परवाना बाईला मिळत नसे. तो त्यांच्या तबेल्यातल्या प्रमुख नोकराच्या नावाने काढावा लागे. घोड्याची पारख बाईंची, पहाटेची मेहनत बाईंची आणि कागदावर नाव नोकराचे! अखेर त्या न्यायालयात गेल्या आणि १९६६ साली त्यांच्यापुढे तिथल्या शर्यतींचा कारभार पाहणाऱ्या जॉकी क्लबला नमते घ्यावे लागले. वाचताना मला आपला सातबारा आठवला. निंदणी तिची, वेचणी तिची, रात्री लाइट आल्यावर पाण्याची पाळी तिची, आणि उताऱ्यावर नाव त्यांचे.

त्यानंतर सहा वर्षांनी, १९७२ साली, तिथे केवळ महिला स्वारांची पहिली अधिकृत शर्यत झाली आणि ती मेरिएल टफनेल यांनी जिंकली. ऑस्ट्रेलियातला मेलबर्न कप १८६१ पासून चालू आहे, पण तो बाईने जिंकायला २०१५ साल उजाडावे लागले. स्वार होत्या मिशेल पेन. इंग्लंडची ग्रँड नॅशनल तर रेचेल ब्लॅकमोर यांनी अगदी अलीकडे, २०२१ साली जिंकली. आपल्या देशात चेन्नईच्या रूपा सिंग यांनी व्यावसायिक जॉकी म्हणून नाव कमावले.

आणखी एक गंमत. इंडियन डर्बी १९४३ साली पहिल्यांदा झाली तेव्हा ती जिंकणारी 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ही घोडी होती. डर्बीत घोडीला पाठीवर नरापेक्षा दीड किलो वजन कमी दिले जाते. आमच्या घरच्या सूनबाईंनी हे ऐकून विचारले, "आपल्याला कुठे मिळते दीड किलोची सूट?"

तेव्हा आपल्या गटाने महालक्ष्मीला गेल्यावर पॅडॉकमध्ये घोड्यांबरोबर हेही पाहावे की लगाम धरून चालणाऱ्यांत, घोडे तयार करणाऱ्यांत आणि स्वारांत बायका किती आहेत.

पुण्यात राहणारी शिरपूरकर

तिसरा पर्याय सुचवू का? पुण्याचा हंगाम पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर असतो. डर्बीच्या दिवसाचा थाटमाट तिथे नसतो, त्यामुळे टोपी-साडीचे दडपण येत नाही आणि कठड्यापाशी जागाही सहज मिळते. पहिल्यांदाच शर्यत पाहणाऱ्यांनी डर्बीऐवजी असा एखादा साधा दिवस निवडावा, असे मला वाटते. शिवाय ऑक्टोबरपर्यंत आपल्याकडे कापूस वेचणीची घाई सुरू होत असते, म्हणून शेतीवाल्या मैत्रिणींसाठी ऑगस्ट बरा.

सातपुड्याची सावली, नंदुरबार

सर्वांनी छान लिहिले आहे, परंतु एक गोष्ट मनाला खुपते ती मांडते. यात्रेत ढोलाच्या तालावर नाचणाऱ्या घोड्यांभोवती सर्वांत मोठे कोंडाळे असते, आणि त्यात टाळ्या वाजवणाऱ्यांमध्ये आपण बायकाही असतो. मी एकदा कोंडाळ्याच्या पुढच्या रांगेत होते. घोड्याच्या तोंडाच्या कडेने फेस येत होता आणि त्या फेसात लाल रंग होता. जवळून पाहिल्यावर लगामाच्या मुखपट्टीला काटे दिसले. असे काटेरी लगाम वापरायला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, हे मला नंतर कळले. त्या वेळी मी फक्त टाळ्या थांबवल्या.

सगळे घोडेवाले असे नसतात, हे मुद्दाम लिहिते. त्याच बाजारात एक म्हातारा व्यापारी स्वतःची घोंगडी घोडीच्या पाठीवर टाकून स्वतः शेकोटीपाशी कुडकुडत बसलेला मी पाहिला आहे. रेवाल चालीचा घोडा, म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलून असा संथ चालणारा की स्वाराच्या हातातल्या पेल्यातले पाणीही हिंदकळू नये, तो काट्यांनी तयार होत नाही. त्यासाठी माणसाला वर्षे घालवावी लागतात. आपल्या गटाने नाचापेक्षा चाली पाहायला थांबावे. ज्याच्याभोवती बायका थांबतात आणि प्रश्न विचारतात, त्या घोडेवाल्याला आपल्या मेहनतीचे चीज झाल्यासारखे वाटते.

रावेरची सून

मुखपट्टीचे वाचून काटा आला अंगावर. माझ्या फ्रिजवरचा फोटो आत्ता उठून पाहिला. घोड्याचे तोंड त्यात आलेलेच नाही.

तापीकाठ, जळगाव (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. काल रविवारी बांधावर बसून हे सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचले. पशुवैद्य काकांचा प्रतिसाद वाचताना आमच्या शेजारीच तोबऱ्यात तोंड घालून हरभरे खाणाऱ्या घोडीकडे सगळ्यांचे लक्ष गेले. आमच्यातलीच एक जण तिला बिस्कीट देत होती, तो हात मध्येच थांबला.

बेत असा ठरला आहे. डर्बी यंदा नको. पुढच्या ऑगस्टमध्ये पुण्याचा साधा दिवस पाहू. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या दोन दिवस आधी पोहोचायचे, मुक्काम दोंडाईच्यात. साड्या एका रंगाच्या नकोत, कुर्ता आणि बूट बरे. फोटोवर बंदी नाही (सूनबाई, हे तुमच्यासाठी), पण घोडेवाल्याला विचारून आणि पाठीवर न बसता. प्रत्येकीने एक घोडा निवडून त्याची जात, रंग, वय आणि चाल आपल्या डोळ्यांनी पाहून लिहायची, आणि संध्याकाळी मावशी तपासणार. सर्वांत जास्त चुकणारीकडे भरीत. काटेरी लगाम दिसला तर तिथे थांबायचे नाही आणि यात्रेतल्या पशुसंवर्धन विभागाच्या तंबूत जाऊन सांगायचे. पैजेचा विषय वकीलताईंमुळे मिटला.

एकच अडचण उरली आहे. मावशींचे गुडघे यंदा फार दुखताहेत आणि त्यांचा मुलगा त्यांना पाठवायला तयार नाही. बाजारातून चालण्यावाचून दुसरा मार्ग नाही. दोंडाईचेकर दादा, मागच्या रांगांपर्यंत जीप जाऊ शकते का?

दोंडाईचेकर

ताई, दोन दिवस आधी सकाळी नऊच्या आत आलात तर जीप बरीच आतपर्यंत येते. पुढे थोडे चालावे लागेल, तिथे मी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन उभा राहतो. मावशींना रांगेच्या तोंडाशी बसवू आणि घोडे त्यांच्यापुढे आणायला सांगू. दात पाहणारे गिऱ्हाईक खुर्चीत बसलेले असले की व्यापारी वय जरा खरे सांगतात, असा माझा अनुभव आहे. त्यांच्या मुलाचा नंबर मला निरोपात पाठवा, मी बोलतो त्यांच्याशी.